डेटाबेस अनइन्स्टॉल करताय? आधी डेटा कुठे आहे ते बघा

पोस्टग्रेस काढून टाकलं, पुन्हा टाकलं, तरी ते जुनाच पासवर्ड मागतंय. मायएसक्यूएल कंट्रोल पॅनेलमधून गेलं, पण नवी आवृत्ती टाकताना पोर्ट ३३०६ आधीच वापरात असल्याचा संदेश येतो. उबंटूवर एक आज्ञा दिली, 'वाय' दाबलं आणि सेमिस्टरभर खपून केलेल्या प्रोजेक्टचा डेटाबेसही सोबत गेला. बीसीए-बीसीएसचे विद्यार्थी, छोट्या ऑफिसात 'तेवढं कॉम्प्युटरचं बघ' असं ज्यांच्या गळ्यात पडतं ते कर्मचारी, स्वतःचं दुकान स्वतःच चालवणारे व्यावसायिक, या सगळ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच तीन असतात.

पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ एकच आहे. डेटाबेसचं सॉफ्टवेअर आणि त्यात साठवलेला डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डिस्कवर त्या बहुतेक वेळा वेगळ्या जागी राहतात. अनइन्स्टॉल केल्यावर सॉफ्टवेअर जातं. डेटाचं काय होणार हे मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठरवतं. कुणी तो जसाच्या तसा मागे ठेवतं, कुणी तुम्हाला विचारतं, कुणी सगळंच पुसून टाकतं. त्यामुळे 'काढायचं कसं' याच्या आधी 'डेटाचं काय करायचं' याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

एक सूचना: या लेखात आज्ञा आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा. आवृत्तीचे आकडेही उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमच्याकडचा आकडा घाला.

खरंच काढायला हवं का?

अनइन्स्टॉल करायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरजच नसते. तुमचं कारण खालीलपैकी असेल तर आधी हे करून बघा.

पासवर्ड विसरलात. काढून पुन्हा टाकल्याने हा प्रश्न सहसा सुटत नाही, कारण पासवर्ड डेटासोबतच साठवलेला असतो आणि डेटा मागे राहिला की तोही राहतो.

- पोस्टग्रेस, विंडोजवर: डेटा फोल्डरमध्ये 'पीजी_एचबीए.कॉन्फ' नावाची फाइल असते. तिची एक प्रत बाजूला ठेवा. मूळ फाइल नोटपॅडमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. १२७.०.०.१ असलेल्या आणि त्याखालच्या '::१' असलेल्या ओळीच्या शेवटी 'स्क्रॅम-शा-२५६' असं असेल, तिथे 'ट्रस्ट' लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करा, 'पीएसक्यूएल' उघडा, 'पोस्टग्रेस' या युजरला नवा पासवर्ड द्या. मग बाजूला ठेवलेली मूळ फाइल परत जागेवर आणा आणि सर्व्हिस पुन्हा रीस्टार्ट करा. ही शेवटची पायरी विसरलात तर त्या संगणकावरून कुणीही पासवर्डशिवाय आत शिरू शकेल.
- मायएसक्यूएल, विंडोजवर: सर्व्हिस थांबवा. पासवर्ड बदलण्याची 'ऑल्टर युजर' ही एक ओळ साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. मग 'मायएसक्यूएलडी' हा प्रोग्रॅम तुमच्या 'माय.आयएनआय' फाइलच्या पत्त्यासह आणि '--इनिट-फाइल' या पर्यायाने एकदा चालवा. काम झालं की ती टेक्स्ट फाइल पुसा, तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.
- उबंटूवर तर बहुधा पासवर्ड लागतच नाही. 'सुडो मायएसक्यूएल' म्हटलं की मायएसक्यूएलचा रूट उघडतो, 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' म्हटलं की पोस्टग्रेस. 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं म्हणून सगळं उपटून टाकण्याआधी हे जरूर करून बघा.

पोर्टची भांडणं. झॅम्प आणि मायएसक्यूएल दोन्ही एकाच संगणकावर असतील तर दोघांनाही ३३०६ हेच पोर्ट हवं असतं. जो आधी सुरू होतो त्याला ते मिळतं. 'सर्व्हिसेस' उघडा, मायएसक्यूएलचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल' करा आणि ज्या दिवशी जे हवं ते सुरू करा.

संगणक हळू झालाय. इथेही सर्व्हिस 'मॅन्युअल' करणं पुरतं. डेटाबेस चालूच नसेल तर तो मेमरी खात नाही.

खरोखर काढण्याची कारणंही आहेत. आवृत्ती जुनी होऊन सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या आहेत (मायएसक्यूएल ५.७ च्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या, ८.० साठी कंपनीने एप्रिल २०२६ ही मुदत दिली होती), इन्स्टॉलेशन अर्धवट राहून बिघडलं आहे, डिस्कवर जागा नाही, किंवा संगणक विकायचा आहे. मग पुढे चला.

तुमच्या संगणकावर नेमकं काय आहे?

'मायएसक्यूएल' म्हणून आपण ज्याला एक नाव देतो ते प्रत्यक्षात चार-पाच वेगळे प्रोग्रॅम असू शकतात. डेटा सांभाळतो तो सर्व्हर. वर्कबेंच, पीजीॲडमिन, एसएसएमएस, डीबीव्हर ही नुसती खिडकी. तिच्यातून आपण डेटा बघतो. ही साधनं काढली तर डेटाला धक्का लागत नाही, फक्त तुम्ही जतन केलेली कनेक्शन आणि क्वेरीच्या फाइली कुठे आहेत ते बघून घ्या. तिसरा प्रकार म्हणजे ड्रायव्हर आणि कनेक्टर. इतर सॉफ्टवेअर यांच्या मार्फत डेटाबेसशी बोलतं, म्हणून कारण माहीत नसेल तर त्यांना हात लावू नका. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर किंवा नेटिव्ह क्लायंट 'नको असलेली भानगड' समजून काढला आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाचं पॅकेज उघडेना, ही नेहमीची कहाणी आहे.

ऑफिसच्या संगणकावर आणखी एक धोका असतो. बिलिंग, हजेरी घेणारी बायोमेट्रिक यंत्रं, दवाखान्याची किंवा ग्रंथालयाची सॉफ्टवेअर स्वतःसोबत डेटाबेस घेऊन येतात आणि त्याची कुठे वाच्यता करत नाहीत. 'एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आम्ही कधी टाकलंच नाही' असं वाटत असेल तर ते बहुधा अशाच एखाद्या पॅकेजने टाकलेलं आहे. आधी सर्व्हिस फक्त थांबवा, 'डिसेबल्ड' करा आणि आठवडाभर काम चालू द्या. महिनाअखेरीचं काम असेल तर महिनाभर थांबा. कुणाचं काही अडलं नाही, तरच पुढची पायरी.

एसक्यूलाइट मात्र या सगळ्यांत वेगळं आहे. त्याला सर्व्हर नाही, सर्व्हिस नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. लिनक्स आणि मॅकवर इतर कितीतरी प्रोग्रॅम ते आतून वापरतात. ते सिस्टिममधून काढायच्या फंदात पडू नका. तुमची फाइल नको असेल तर तेवढी पुसा.

बॅकअप: ही पायरी गाळू नका

डेटा नकोच असेल तरीही एक बॅकअप घेऊन ठेवा. काही महिन्यांनी कुणीतरी 'मागच्या वर्षीची ती यादी' मागायला येतंच. बॅकअप सर्व्हर चालू असतानाच घ्यायचा आहे. सर्व्हर काढल्यावर डेटा फोल्डरमधून तो उकरून काढणं फार किचकट जातं.

- मायएसक्यूएल आणि मारियाडीबी: 'मायएसक्यूएलडम्प' ही आज्ञा '--ऑल-डेटाबेसेस' या पर्यायासह द्या. तुम्ही स्टोअर्ड प्रोसीजर लिहिल्या असतील तर '--रूटीन्स' आणि '--इव्हेंट्स' हे पर्यायही जोडा, नाहीतर त्या बॅकअपमध्ये येत नाहीत.
- पोस्टग्रेस: 'पीजी_डम्पऑल'. एका डेटाबेससाठी 'पीजी_डम्प' चालतं, पण त्यात युजर येत नाहीत.
- एसक्यूएल सर्व्हर: एसएसएमएसमध्ये डेटाबेसवर राइट क्लिक, 'टास्क्स', 'बॅकअप'. तयार होणारी 'बीएके' फाइल सी ड्राइव्हवर न ठेवता पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर हलवा.
- ओरॅकल: 'ईएक्सपीडीपी', म्हणजे डेटा पंप.

मराठीत डेटा साठवणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यायला हवी. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये (आवृत्ती ५.१) 'मायएसक्यूएलडम्प'चं आउटपुट '>' हे चिन्ह वापरून फाइलमध्ये वळवलं, तर पॉवरशेल मधल्या मधे अक्षरांचं एन्कोडिंग बदलतं. इंग्रजी मजकूर यातून कसाबसा वाचतो, देवनागरीची माती होते आणि ती मूळ रूपात परत आणता येत नाही. फाइलचा आकार व्यवस्थित दिसतो, चूक झाल्याचा संदेश येत नाही, म्हणून हे कळतं ते फार उशिरा. उपाय सोपा आहे. '>' वापरू नका, '--रिझल्ट-फाइल' या पर्यायाने फाइलचं नाव द्या. आणि बॅकअप झाल्यावर ती फाइल एखाद्या एडिटरमध्ये उघडून एखादं मराठी नाव शोधा. ते नीट वाचता आलं पाहिजे. प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र चिन्हं दिसली तर बॅकअप झालेला नाही असंच समजा.

शक्य असेल तर बॅकअप दुसऱ्या संगणकावर परत भरून बघा. डेटा फोल्डर नुसतं कॉपी करून ठेवणं हा पर्याय शेवटचा, आणि तोही सर्व्हर पूर्ण थांबवून, अख्खं फोल्डर घेऊन, पुढे तीच आवृत्ती वापरणार असाल तरच. मायएसक्यूएलमधल्या एखाद्याच टेबलाची फाइल उचलून ठेवली तर तिचा सहसा उपयोग होत नाही, कारण तिचा हिशेब इतर सामायिक फाइलींमध्येही असतो.

विंडोजवर

सर्वांत मोठी चूक पहिली सांगतो: प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर थेट डिलीट करणं. असं केलं की सर्व्हिसची नोंद, रजिस्ट्रीतल्या नोंदी, 'पाथ'मधले पत्ते सगळं तसंच राहतं आणि काढण्यासाठीचा प्रोग्रॅमही त्या फोल्डरसोबत जाऊ शकतो. तुमच्या हातून हे झालं असेल तर तीच आवृत्ती त्याच जागी पुन्हा टाका आणि मग रीतसर काढा. रजिस्ट्री साफ करून देणारी फुकट सॉफ्टवेअर यासाठी वापरू नका. ती नेमकं काय उडवतात हे तुम्हाला दिसत नाही.

क्रम असा ठेवा: सर्व्हिस थांबवा, 'सेटिंग्ज'मधल्या 'ॲप्स' यादीतून किंवा कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा, मग उरलेलं तपासा.

मायएसक्यूएल. यादीत सर्व्हर, वर्कबेंच, शेल, कनेक्टर अशा वेगवेगळ्या नोंदी दिसतील. ८.० किंवा त्याआधीची आवृत्ती 'मायएसक्यूएल इन्स्टॉलर'ने टाकली असेल तर आधी त्याच इन्स्टॉलरमधून एकेक घटक काढा. सर्व्हर काढताना डेटा फोल्डरही काढायचं का, असं तो विचारतो. खुद्द इन्स्टॉलर सर्वांत शेवटी. डेटा मुळात असतो सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरमध्ये, 'मायएसक्यूएल' या नावाखाली. हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा. 'सगळं काढलं तरी जुनी टेबलं परत दिसतात' याचं उत्तर इथे आहे.

सर्व्हिसच्या यादीत 'मायएसक्यूएल८०' अजून दिसत असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एससी डिलीट मायएसक्यूएल८०' ही आज्ञा द्या. पॉवरशेलमध्ये हीच आज्ञा देऊ नका. त्याच्या जुन्या आवृत्तीत 'एससी'चा अर्थ फाइलमध्ये मजकूर लिहिणे असा होतो. तिथे 'एससी.एक्सई' असं पूर्ण नाव लिहावं लागतं. आणि अधूनमधून एक काळी खिडकी उघडून मिटत असेल, तर 'टास्क शेड्युलर'मध्ये मायएसक्यूएल इन्स्टॉलरचं 'मॅनिफेस्टअपडेट' हे काम राहिलंय का बघा. ते काढून टाकायला हरकत नाही.

पोस्टग्रेस. अनइन्स्टॉल पूर्ण होताना एक छोटी खिडकी सांगते की डेटा फोल्डर काढलेलं नाही. घाईत 'ओके' दाबून आपण ती घालवतो आणि इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. हे फोल्डर सहसा प्रोग्रॅम फाइल्स, पोस्टग्रेसक्यूएल, आवृत्तीचा आकडा आणि आत 'डेटा' असं सापडतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नवं इन्स्टॉलेशन हेच जुनं फोल्डर स्वीकारतं, म्हणून पासवर्डही जुनाच. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची असेल तर बॅकअप घेऊन हे फोल्डर हाताने पुसावं लागतं. पीजीॲडमिनची कनेक्शन तुमच्या युजर फोल्डरमधल्या 'ॲपडेटा'त वेगळी राहतात. तिथेच शेजारी 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाच्या फोल्डरमध्ये 'पीजीपास.कॉन्फ' फाइल असेल तर तीही पुसा. तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असतात.

एसक्यूएल सर्व्हर. यादीत पंधरा-वीस नोंदी बघून घाबरू नका आणि वरून एकेक काढत खालीही येऊ नका. ज्या नोंदीत फक्त नाव आणि वर्ष आहे, उदाहरणार्थ 'मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर २०१९', तिथून 'रिमूव्ह' निवडा. पुढे इन्स्टन्स कोणता काढायचा ते विचारलं जातं. एका संगणकावर या सॉफ्टवेअरचे एकाहून अधिक स्वतंत्र संसार असू शकतात, प्रत्येकाचा डेटा वेगळा. तुमचा अभ्यासाचा कोणता आणि बिलिंगचा कोणता हे नाव वाचून खात्री करा. डेटाबेसच्या 'एमडीएफ' आणि 'एलडीएफ' फाइली बहुधा मागे राहतात. बॅकअप हाताशी नसेल तर त्या पुसू नका, पुढे दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतात. एसएसएमएस वेगळं काढावं लागतं.

ओरॅकल एक्सप्रेस. इथे उलटं आहे. १८सी आणि २१सी या एक्सप्रेस आवृत्त्या काढल्या की सॉफ्टवेअर, डेटाबेस आणि डेटा फाइली सगळं एकत्र जातं. मागे काही राहील या भरवशावर राहू नका, आधी एक्सपोर्ट घ्या. ओरॅकलच्या मोठ्या आवृत्त्यांमध्ये 'डीइन्स्टॉल' नावाच्या फोल्डरात त्याच नावाची बॅच फाइल मिळते, ती चालवा. फोल्डर पुसताना एखादी डीएलएल फाइल वापरात असल्याचा अडथळा आला तर रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करा.

झॅम्प. यात 'मायएसक्यूएल' असं लिहिलेलं असलं तरी गेल्या अनेक वर्षांपासून आत मारियाडीबी असतं. डेटा 'झॅम्प' फोल्डरमधल्या 'मायएसक्यूएल'च्या 'डेटा'त, आणि तुमची पीएचपी पानं 'एचटीडॉक्स'मध्ये. दोन्हींच्या प्रती काढून मगच अनइन्स्टॉल चालवा. विद्यार्थ्यांचा डेटाबेस वाचतो आणि 'एचटीडॉक्स'मधला प्रोजेक्ट जातो, असंही होतं.

लिनक्सवर

उबंटू आणि डेबियनवर 'ॲप्ट रिमूव्ह' आणि 'ॲप्ट पर्ज' यांतला फरक नीट समजून घ्या. 'रिमूव्ह'ने प्रोग्रॅम जातो, सेटिंगच्या फाइली आणि डेटा राहतो. 'पर्ज'ने सेटिंगही जातात, आणि डेटाबेसच्या बाबतीत डेटाही पुसायचा का असा प्रश्न मधे पडद्यावर येतो. तो प्रश्न वाचा. सवयीने एंटर दाबाल तर जे उत्तर आधीच निवडलेलं असेल ते लागू होईल. डेटाबद्दल मनात जराही शंका असेल तर 'पर्ज' वापरूच नका. 'रिमूव्ह' करा, काही दिवस जाऊ द्या.

डेटाच्या जागा लक्षात ठेवा:

- मायएसक्यूएल, मारियाडीबी: '/व्हार/लिब/मायएसक्यूएल'
- पोस्टग्रेस: उबंटूवर '/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल', फेडोरा-रेडहॅटवर '/व्हार/लिब/पीजीएसक्यूएल'
- मोंगोडीबी: उबंटूवर '/व्हार/लिब/मोंगोडीबी'

दुसरा सापळा म्हणजे तारा. 'मायएसक्यूएल*' असं लिहून एका फटक्यात सगळं काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात पीएचपीचा मायएसक्यूएल जोडणारा भाग आणि इतर प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररीही सापडतात. केडीई डेस्कटॉपवर तर ईमेल आणि कॅलेंडर सांभाळणारं अकोनाडी आतून हाच डेटाबेस वापरत असू शकतं. आज्ञा दिल्यावर काय काय निघणार याची यादी ॲप्ट दाखवतं. ती शेवटपर्यंत वाचूनच 'वाय' दाबा. एकही अनोळखी नाव दिसलं तर 'एन'. 'ऑटोरिमूव्ह'लाही हाच नियम.

आता उबंटूवरच्या पोस्टग्रेसबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जाणकारही फसतात. उबंटू २२.०४ सोबत पोस्टग्रेस १४ येतं, २४.०४ सोबत १६. तुम्ही उबंटू अद्ययावत केलंत की १६ नव्याने बसतं, पण १४ जागेवरच राहतं आणि तुमचा सगळा डेटा १४ मध्येच असतो. १६ रिकामं असतं. 'आता नवीन आलंय, जुनं काढून टाकू' या साध्या विचाराने १४ पर्ज केलं की डेटा गेला. म्हणून:

१. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही आज्ञा द्या. दोन ओळी दिसतील, प्रत्येक आवृत्तीच्या डेटा-संचाची (क्लस्टरची) एक. जुनं बहुधा ५४३२ पोर्टवर, नवं ५४३३ वर.
२. 'पीजी_डम्पऑल'ने जुन्याचा बॅकअप घ्या.
३. नवं क्लस्टर खरंच रिकामं आहे याची खात्री करून 'पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १६ मेन'.
४. 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १४ मेन'. याने डेटा १६ मध्ये येतो.
५. तुमचा प्रोग्रॅम चालवून बघा. सगळं जागेवर असेल तरच 'पीजी_ड्रॉपक्लस्टर १४ मेन' आणि मग १४ चं पॅकेज पर्ज.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीत आकड्यांची अदलाबदल झाली तर बॅकअपशिवाय काही हाती राहत नाही. दोन्ही वेळा आकडा मोठ्याने वाचा, मग एंटर.

फेडोरा, रेडहॅट आणि त्या कुळातल्या लिनक्सवर 'डीएनएफ रिमूव्ह' डेटाला हात लावत नाही. तो हाताने पुसावा लागतो. डीबीव्हर किंवा वर्कबेंच 'स्नॅप'ने टाकलं असेल तर 'स्नॅप रिमूव्ह' केल्यावर त्याची एक प्रत उबंटू साधारण ३१ दिवस जपून ठेवतं. जागा लगेच मोकळी हवी असेल तर '--पर्ज' जोडा.

'आरएम -आरएफ'ने फोल्डर पुसण्याआधी 'सिस्टिमसीटीएल स्टॉप'ने सर्व्हिस थांबवा. आणि शक्य असेल तर फोल्डर पुसण्याऐवजी त्याचं नाव बदलून ठेवा, शेवटी 'जुना' जोडून. पुसायला पुढच्या महिन्यातही वेळ मिळेल.

मॅकवर

ॲप कचरापेटीत ओढणं हे फक्त डीबीव्हर, टेबलप्लस, वर्कबेंच अशा साधनांना पुरतं. सर्व्हर कसा टाकला होता यावर पुढचं अवलंबून आहे.

होमब्रूने टाकला असेल तर आधी 'ब्रू सर्व्हिसेस स्टॉप', मग 'ब्रू अनइन्स्टॉल'. डेटा मागे राहतो: ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर '/ऑप्ट/होमब्रू/व्हार'मध्ये, इंटेलच्या मॅकवर '/युजर/लोकल/व्हार'मध्ये (टाइप करताना 'युजर'ची फक्त 'यू-एस-आर' ही तीन अक्षरं). मायएसक्यूएल अधिकृत डीएमजीवरून टाकलं असेल तर 'सिस्टिम सेटिंग्ज'च्या तळाशी मायएसक्यूएलचं पान असतं. तिथून सर्व्हर थांबवा. नव्या आवृत्त्यांमध्ये तिथेच अनइन्स्टॉलचं बटणही आहे. डेटा '/युजर/लोकल/मायएसक्यूएल'च्या आत. पोस्टग्रेस 'ईडीबी' कंपनीच्या इन्स्टॉलरने टाकलं असेल तर '/लायब्ररी/पोस्टग्रेसक्यूएल'मध्ये अनइन्स्टॉलचं ॲप मिळेल. ते चालवल्यावरही युजरच्या यादीत 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाचं खातं दिसू शकतं. ते सेटिंग्जमधून काढा. 'पोस्टग्रेस.ॲप' कचऱ्यात टाकलं तरी डेटा तुमच्या युजरच्या 'लायब्ररी'तल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये राहतो.

डॉकरमध्ये असेल तर

कंटेनर काढल्याने स्वतंत्र व्हॉल्यूममधला डेटा जात नाही. 'डॉकर व्हॉल्यूम एलएस'ने यादी बघा, नको ते 'डॉकर व्हॉल्यूम आरएम'ने काढा. 'डॉकर कंपोझ डाउन' आणि 'डॉकर कंपोझ डाउन -व्ही' यांत फक्त एका अक्षराचा फरक आहे. त्या अक्षराने डेटा जातो.

काढून झाल्यावर

पोर्ट मोकळं झालं का ते बघा: मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मोंगोडीबी २७०१७. विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ', लिनक्सवर 'एसएस -एलटीएनपी', मॅकवर 'एलसॉफ -आय'. 'पाथ'मध्ये जुने पत्ते राहिले असतील तर काढा. नवी आवृत्ती टाकूनही जुनीच चालतेय असं वाटतं ते यामुळे. इन्स्टॉल करताना फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं असेल तर तो नियमही बंद करा.

संगणक विकणार किंवा कुणाला देणार असाल तर एवढ्यावर थांबू नका. फोल्डर पुसून रिसायकल बिन रिकामी केली तरी डेटा परत काढता येऊ शकतो. विंडोजच्या 'रिसेट धिस पीसी'मध्ये सेटिंग बदलून डेटा पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. अलीकडच्या मॅकवर 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'.

ऑफिसचा डेटा: तुमचे हक्क आणि बंधनं

संगणक तुमच्या टेबलावर असला तरी त्यातला डेटा संस्थेचा आहे. काढण्याआधी मालकांची किंवा वरिष्ठांची लेखी संमती घ्या, एक ईमेल पुरेसा आहे. त्याचप्रमाणे, बिलिंगचं पॅकेज बदलताना जुन्या व्हेंडरकडून बॅकअप मागणं हा तुमचा हक्क आहे. डेटा तुमचा आहे, सॉफ्टवेअर त्यांचं. एएमसी संपण्याआधी, म्हणजे ते अजून फोन उचलतात तोवर, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडता येईल अशा स्वरूपात तो घेऊन ठेवा. विकत घेतलेल्या डेटाबेसची लायसन्स की असेल तर तीही आधी लिहून घ्या.

किती काळ जपायचं याला कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षांची. दुसऱ्या बाजूला, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की लोकांची वैयक्तिक माहिती ज्या कारणासाठी घेतली ते कारण संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणं बंधनकारक नसेल, तर ती पुसली पाहिजे. म्हणजे ग्राहकांचे मोबाइल नंबर आणि पत्ते असलेला डेटाबेस 'असू दे पडून' म्हणत जुन्या संगणकावर सोडून देणंही बरोबर नाही.

बिलांचा किंवा हिशेबाचा जुना डेटाबेस कायमचा पुसण्याआधी तुमच्या सीएंना एकदा विचारा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच 'डिलीट' दाबा.